गुरुवारचा आलेख

“गुरुवारी तुझं लक्ष कुठे असतं गं, शलाका?” घैसास सरांनी आलेख माझ्यापुढे आपटला.

माझ्या प्रयोगात रोज भरदुपारी अभिक्रिया मंदावायची आणि आलेखाला खड्डा पडायचा. सरांच्या मते हा नवाच शोध होता. परिषदेत निबंध वाचणार असल्याचं त्यांनी कळवूनही टाकलं होतं. फक्त गुरुवारी खड्डा पडत नसे. तो अर्थातच माझा गलथानपणा!

नोंदी संगणक घ्यायचा, म्हणून दुपारी मी निवांत कँटीनला जायचे. आज कँटीन बंद निघालं. चरफडत परतले, तर प्रयोगाची नळी ज्या कोमट पाण्याच्या टाकीत ठेवतो, तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेला स्टीलचा डबा! त्याने पाणी गार पडत होतं आणि पडद्यावरची रेघ माझ्यादेखत घसरत होती.

“कुणाचा हा डबा?” मी ओरडलेच.

“माझा. जरा गरम होतो,” मागून सर म्हणाले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली.

“आणि सर, गुरुवारी?”

सरांनी डबा काढून रुमालाने पुसला.

“गुरुवारी माझा उपास असतो.”