पंधरा दिवसांनी दाखवायला यावे

"पत्रात लिहिलंय, म्हणून आलो," स्टोअरकाका म्हणाले आणि घडी घातलेला कागद त्यांनी प्रोग्रॅमरच्या टेबलावर ठेवला.

तिने तो वाचला. वरचं सगळं ठीक होतं. पंपांच्या या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलंत, आता आपली सेवा संपली, आभार. पण खाली, मालकांच्या सहीच्या जरा वर, आणखी एक ओळ होती. 'पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला यावे.'

ही ओळ दवाखान्यातली. दोन वर्षांपूर्वी तिने एका दवाखान्यासाठी घरी जाणाऱ्या रुग्णाचं पत्र छापणारा एक सुटा भाग लिहिला होता. त्याचं नाव 'निरोप'. एकदा लिहायचा आणि हव्या त्या ॲप्लिकेशनमध्ये बसवायचा, ही तिची ऐट. कारखान्याच्या कामातही तिने तोच उचलून बसवला, 'रुग्ण'च्या जागी 'कामगार' केलं आणि मोकळी झाली. जाणारा माणूस तो जाणारा माणूस. उरलेल्या ओळी बघत बसायला वेळ होता कुणाला?

काकांना घालवलं होतं तेही तिच्याच ॲप्लिकेशनने. माल आता कॉम्प्युटर मोजतो, मग स्टोअरला माणूस कशाला, असा मालकांच्या धाकट्या भावाने हेका धरला होता. भागीदारी निम्मी-निम्मी. मालक मूग गिळून बसले होते आणि पत्र मात्र त्यांनी स्वतः, खोलीचं दार लावून काढलं होतं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दाढी गुळगुळीत. बोलावणं आलंय असं घरी बायकोला सांगून निघाले होते. हे ऐकून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला दारातूनच परत पाठवणं काही तिच्याने होईना. त्यांना घेऊन ती सरळ मालकांच्या खोलीत गेली. धाकटाही तिथेच होता, कपाळाला आठ्या घालून.

चूक माझी आहे, असं म्हणून तिने ती दवाखान्याची ओळ इथवर कशी आली ते सगळं सांगून टाकलं. काका शर्टाचं वरचं बटण उगाच चाचपत होते.

मालकांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला आणि धाकट्याकडे सरकवला. कंपनीचं पत्र आहे, खाली सही आहे, आता शब्द फिरवणं बरं दिसत नाही, एवढंच म्हणाले. धाकट्याने कागद उलटसुलट करून पाहिला. परवाच पंपाला बसवायच्या एका रबरी सीलपायी अख्खं काम दिवसभर ठप्प झालं होतं. चाळीस नग आहेत, असं कॉम्प्युटर छातीठोकपणे सांगत होता. कुठल्या खणात, ते सांगत नव्हता. गुडघ्यांवर बसून फळ्या धुंडाळल्या होत्या त्या धाकट्यानेच.

"काका, ती निळी सीलं असतात कुठे?" त्याने शेवटी विचारलं.

"जिन्याखालच्या कपाटात. खण अडकतो, जरा उचलून ओढायचा."

"झाली तपासणी," मालक म्हणाले. "तब्येत ठणठणीत आहे. उद्यापासून या."

काका उद्यापर्यंत कुठले थांबतायत. तसेच जिन्याकडे निघाले, आणि मागोमाग धाकटा. तिचा जीव भांड्यात पडला. देव पावला, आता आधी ती ओळ काढून टाकायची, म्हणून तिने टेबलाशी येऊन 'निरोप' उघडला आणि बघतच राहिली.

ओळ आपोआप उमटतच नव्हती. कुठल्या रुग्णाला परत बोलवायचं आणि कुठल्या नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं, म्हणून तिनेच तेव्हा त्या ओळीपुढे एक रिकामा चौकोन ठेवला होता. पत्र काढणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यात खूण केली, तरच ती ओळ छापली जायची.