फळीवरचं पोरगं

“तुमचा नवा खेळ निघालाय म्हणं. माझ्या मोबाइलमधी टाकून दे,” कुशाबाईने कपबशी लेकापुढे सरकवली.

भरतला ठसका लागला. पुण्याहून पेठ गाव काही फार लांब नाही, तरी तो आठ महिन्यांनी घरी आला होता. आणि नेमका हाच विषय टाळायचा, असं एसटीत ठरवून आला होता.

“जुनाच बरा आहे, आई.”

“नगं. नवाच टाक.”

भरत मोबाइलचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. गेल्या खेपेला त्यानेच आईच्या मोबाइलमध्ये आपला खेळ टाकला होता. एक पोरगं चाकाच्या फळीवर उभं राहून रस्त्यावरून, कठड्यांवरून उड्या मारायचं. त्यात एक चूक राहून गेली होती. पुलाच्या भिंतीला लागून पाचचं बटण दोनदा दाबलं, की पोरगं सुसाट वर जायचं ते खाली यायचंच नाही. गुण मात्र वाढत राहायचे. गिऱ्हाइकं त्यावर खूश होती.

कुशाबाईला ही चूक पहिल्याच आठवड्यात सापडली. भरतने फोन केला, की ती आधी तेच सांगायची, “आजून वरच हाय बरं का.” खेळ बंद करायचं नाव नाही. भारनियमनात बॅटरी उतरायला लागली, तर हमरस्त्यावरच्या ढाब्यात जाऊन जनरेटरवर चार्ज करून आणायची. भरत ऑफिसात मिरवायचा, आमच्या म्हातारीचा विक्रम मोडून दाखवा.

म्हणून तर नव्या खेळातून ही चूक काढायचा विषय निघाला, तेव्हा तो मीटिंगमध्ये भांडला. चूक असली तरी खरी मजा तिच्यातच आहे, राहू द्या, म्हणाला. निम्मं ऑफिस त्याच्या बाजूने होतं. मग साहेबांनी एक पत्र टेबलावर टाकलं. चौकटीच्या वहीचा कागद, मोठाली वाकडी अक्षरं.

“लोक आता पत्रं लिहायला लागले. बंद कर ते.”

भरतने पत्र वाचलंही नाही. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, म्हणून मुकाट्याने चूक काढून टाकली. पण तेव्हापासून त्याला मनातून फार वाईट वाटत होतं. वडील गेल्यावर आईला तेवढाच एक विरंगुळा होता, आणि तो पोटच्या पोराने मोडला होता.

आता इलाज नव्हता. त्याने लॅपटॉपला वायर जोडली. नवा खेळ मोबाइलमध्ये गेला.

कुशाबाईने चष्मा लावला. पोराला पुलाच्या भिंतीशी नेलं, पाच दोनदा दाबलं. पोरगं वर गेलं, क्षणभर थांबलं आणि खाली आलं. चाकं खडखडत पुलाला लागली.

तिने मोबाइल मांडीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

भरतला राहवलं नाही. “आई, मीच बंद केलं ते. लई भांडलो गं, पण कुणाचं तरी तक्रारीचं पत्र आलं.”

“माझंच व्हतं ते,” कुशाबाई म्हणाली. “खेळातलं हाय, कळतंय मला. पर महिनं गेलं तरी पोरगं आपलं वरच. फोन बंद करावा, तर पडंल म्हणून भ्या वाटायचं. शेवटी लिवलं कंपनीला, खाली त्याची आई वाट बघत आसंल, उतरवा त्याला.”