चिखल्यात विझलेला ठिपका

जगभरचा ई-कचरा कुठे जातो यावर पाळत ठेवणाऱ्या संस्थेने, मुंबईत भंगारात दिलेल्या एका बंद टीव्हीत ट्रॅकर दडवला. नकाशावरचा ठिपका डहाणूजवळच्या चिखले गावात थांबला आणि काही दिवसांनी विझला. झालं, एसी गाडीतून संस्थेचे तीन साहेब हजर!

मैनाबाईंच्या ओटीवर तोच टीव्ही चालू होता. बोंबील वाळत घालून चार बायका मालिका बघत बसल्या होत्या.

"हा कचरा इथे आणला कुणी?" थोरले साहेब कडाडले.

"कचरा कसला? भंगारवाल्याकडून मी आणला. कंडेन्सर उडाला होता, तो बदलला," मैनाबाईंची सून योगिता म्हणाली. ती गावातले टीव्ही-मिक्सर दुरुस्त करते. "आत तुमची ही डबी सापडली. तिचा सेल संपलाय. थांबा, नवा घालून देते."

"ती उघडत नाही. यूज अँड थ्रो असते," साहेब म्हणाले.

साहेबांनी फॉर्म काढला. त्यात 'दुरुस्त' असा रकानाच नव्हता, कधी सुचलाच नसेल. त्यांनी टीव्हीपुढे ठसठशीत लिहिलं: 'कचरा, एक नग.'

डबी घेऊन गाडी निघाली.



कोपऱ्यावर काच खाली झाली आणि मेलेला ट्रॅकर मैनाबाईंच्या बोंबलांवर येऊन पडला.