दोराचे तीन हिसके

हिमवादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा, ही आयोवाच्या माळावरची रीतच होती. गोठ्यात पोचलेल्याने तीन हिसके द्यायचे आणि घरातल्याने तीन परत द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात अ‍ॅमोसने हिसके दिले, तेव्हा त्याची बायको लव्हायना तापाने फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. उत्तर द्यायचं राहूनच गेलं. घरात काही झालं की काय, म्हणून तो धावत निघाला असावा आणि दोर हातातून सुटला असावा. त्याचा देह सापडला तो बर्फ वितळल्यावर.

आज तशाच वादळात ती एकटीच धार काढून परतली. दाराला कडी घालून तिने चरवी खाली ठेवली. सहा वर्षांची ऑर्फा दोराच्या खुंटीपाशीच बसली होती.

"लगेच उत्तर दिलंस, शहाणी गं माझी. पण सहा हिसके कशाला? गाय बिचकली ना."

"तीन तुझे, तीन बाबांचे."

"बाबांचे कुठले आले?"

"तुझ्यामागून आले ते."

लव्हायना काही बोलणार, इतक्यात दाराच्या फटीतून आत आलेला दोर ताणला गेला. एकदा. दोनदा. तीनदा.

तिचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला.

"दे ना गं आई. नाहीतर बाबा पुन्हा वाट चुकतील."

लव्हायनाने डोळे मिटून तीन हिसके दिले.

मग दोर थरथरू लागला, कुणी तो धरून घराकडे चालत येताना थरथरतो तसा. ऑर्फा कडी काढायला उठली.