थोरलं विमान

टीव्हीवर ते दिसलं तेव्हा आप्पाराव खोलीत एकटेच होते, हे त्यातल्या त्यात बरं. मोडक्या पत्र्याच्या शेडखाली जगातलं सगळ्यात मोठं मालवाहू विमान जळून पडलं होतं. नाकाडाच्या जागी नुसता कोळसा.

थापा मारण्यात आप्पारावांचा हात धरणारा युसूफवडगाव या गावात अजून जन्मायचा होता. पण आठ दिवसांपूर्वी युक्रेनमध्ये लढाई पेटली, डॉक्टरकी शिकायला गेलेली नात राजनंदिनी तिथल्या तळघरात अडकली आणि सून छबुबाईनं अन्न सोडलं, तेव्हा त्यांनी उभ्या जन्मातली सगळ्यात मोठी थाप ठोकली.

"अगं, पोरगी हाय तिथंच जगातलं सगळ्यात मोठं इमान हाय. सहा इंजिनांचं. पोटात धारूरचा किल्ला मावंल, वर बुरुजाला जागा उरंल. एका खेपंत समदी लेकरं आणतंय. पायलट माझ्या वळखीचा हाय."

यातलं विमान तेवढं खरं होतं. छबुबाई त्या दिवशी अर्धी भाकर जेवली होती.

आता चुलीवर धपाटे भाजल्याचा वास येत होता. राजीचा फोन परवापासून लागत नव्हता. आप्पारावांनी घाईघाईनं कीर्तनाचं चॅनल लावलं.

"बातम्या कावून बदलल्या?" छबुबाई दारात उभी होती.

"त्येच त्येच दाखवत्यात."

तिनं रिमोट घेतला. चित्र परत आलं. ती पडद्याजवळ गेली आणि पिठानं भरलेल्या बोटानं इंजिनं मोजू लागली. एक, दोन, तीन. बोट तिथंच थांबलं. पुढं राखच होती.

"हे त्ये न्हवं," आप्पाराव म्हणाले. "हे धाकटं. थोरलं कवाच उडालं."

बावीस वर्षं ती या घरात नांदत होती. सासऱ्याची थाप तिला पहिल्या शब्दाला कळायची. तिनं टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासमोर भुईवर बसली.

"आप्पा, थोरल्यात राजी कुठं बसलीय?"

माल वाहायच्या विमानाच्या पोटाला खिडक्या नसतात, हे आप्पारावांना पक्कं ठाऊक होतं.

"खिडकीपाशी," ते म्हणाले.

छबुबाईनं पिठाचं बोट पदराला पुसलं.

"खाली बघू नको म्हणावं तिला."