रुग्णसेवेचा अनुभव

"पदवीनंतर इतके दिवस काय करत होतात?" हेमांगी मॅडमनी विचारलं.

'घरी होते' हे आशाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. कॉलेजातल्या मैत्रिणीने, रिनाने, फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, 'घरी होते म्हणू नकोस. जे केलंस तेच कामाच्या भाषेत सांग.'

"रुग्णसेवेचा अनुभव घेत होते, मॅडम. सिकलसेलचा रुग्ण होता."

नंदुरबारच्या एका कॉलेजात औषध कंपनीच्या मुलाखती चालल्या होत्या. काम होतं औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचं. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी अंकलेश्वरच्या औषध कारखान्यात काम करून आलेलं, कुणी सुरतेच्या. धडगावच्या डोंगरातून आलेल्या आशाकडे सांगायला एवढंच होतं.

"दुष्परिणाम तुम्ही स्वतः ओळखलात, असा एखादा प्रसंग सांगा."

"त्याने भाकर खाणं सोडलं. आई म्हणाली, रुसलाय. पण तो रुसला की घरभर बडबडायचा, मॅडम. तेव्हा मात्र गप्प होता. मी तोंड उघडायला लावलं, तर आत सगळं सोलून निघालेलं. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ते पाकीट आणि तो, दोघांना घेऊन दवाखाना गाठला. रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या. डॉक्टरांनी गोळी थांबवली, नंतर कमी करून दिली."

मॅडम पुढे झुकल्या. "दुखणं नीट सांगायचा तो?"

"छे. विचारलं की नाहीच म्हणायचा. म्हणून मी विचारायचे, नदीवर येतोस का? नाही म्हणाला की समजायचं, पाय दुखतायत."

"आम्हाला अगदी असंच माणूस हवंय," मॅडम म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "आता कसा आहे तो?"

"बरा आहे," आशा म्हणाली.

शब्द कसा निसटला, तिचं तिलाच कळलं नाही. मॅडम हसल्या. तीही हसली. पुढच्या प्रश्नांची उत्तरं ती देत राहिली. होळीच्या आधी पवन गेला होता. तिचा धाकटा भाऊ. दवाखान्यात आणताना, घाटातच, जीपमध्ये तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

बाहेर तिचा बाप आमशा कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. तिला पाहून उठला.

"काय विचारलं?" त्याने पावरी बोलीत विचारलं.

"पवनचं."

आमशाने खांद्यावरचं उपरणं ओढून हातात घेतलं.

"कसा आहे विचारलं, बा. मी बरा आहे म्हटलं. खोटं बोलले मी. त्याच्या नावावर खोटं बोलले."

त्याने रस्त्याकडे तोंड फिरवून उपरण्याने नाक पुसलं.

"पुन्हा बोलावणार का?"

"हो. कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत, ते विचारतील."

"मग त्यांनाही तसंच सांग," आमशा म्हणाला. "सांग, भाकर खातो आता."