ॲडमिरलची करंगळी

बार्नाबी आणि मी एकाच दिवशी इंग्लंडच्या आरमारात शिरलो. तो ॲडमिरल झाला, मी लेफ्टनंटच राहिलो. त्याचं चित्र काढायचं ठरलं. चेहऱ्यापुरता तासभर बसून तो मला म्हणाला, "अंगकाठी आपली सारखीच. बाकीच्यासाठी तू उभा राहा. तेवढाच माझा कोट मिरवशील, लेका!" आठवडाभर जरीच्या कोटात मी जळत उभा होतो. पूर्वी डचांशी लढताना तोफेच्या गाड्याखाली माझी करंगळी चिरडून वाकडी झाली, तेव्हा हा तापाचं निमित्त करून किनाऱ्यावर राहिला होता. चित्रकाराने विचारलं, "करंगळी सरळ काढू?" "आहे तशीच काढा," मी म्हणालो. होऊ दे बार्नाबीची फजिती! चित्र नगरभवनात लागलं, त्या दिवशी मेजवानी झाली. मेयरच्या बायकोने विचारलंच, "अगंबाई, करंगळीला काय झालं?" हातमोजा न काढता बार्नाबी म्हणाला, "डचांचा प्रसाद!" सगळ्यांनी त्या शूर करंगळीसाठी पेले उचलले. मीही उचलला, त्याच हाताने.